लोकरीच्या आत

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊनही आता फार वर्षं झाली, तेव्हा हे लिहिणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. पण आज एका मुलीनं विचारलं, तुम्ही या शास्त्रात पडलात कसे, आणि मी काहीतरी पुस्तकी सांगून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर तुझ्यापासून सुरुवात करावी लागली असती.

निझामाचा अंमल होता. बा गेल्यावर काकांनी निरोप धाडला, हैदराबादेतलं शिक्षण पुरे, मेंढरांमागं माणूस पाहिजे. मी कुंभार पिंपळगावला आलो तेव्हा तू वसरीत बसून चातीवर लोकर कातत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तू तिथं काय करून राह्यला, ते मला दाव. पटलं तर तुझ्या काकाला मी बोलते. न्हाई पटलं तर काठी घे अन् मेंढरामागं जाय." मी सांगू लागलो, की दवाखान्यात हाडं बघायला वापरतात ते क्ष-किरण आम्ही धाग्यावर सोडतो. ते आत शिरून विखुरतात, मागच्या फिल्मवर ठिपके उमटतात, आणि ठिपक्यांच्या जागांवरून धाग्याच्या आतली बांधणी कळते. "मंग माझ्याच सुताची काढ की," म्हणालीस. परतूरला गाडी धरायला निघालो तेव्हा सुताची गुंडी माझ्या हातात होती आणि माझं सगळं पुढचं आयुष्य त्या गुंडीवर होतं.

पहिली फिल्म पार बिघडली. ठिपके पुसट आणि भोवती धुरकट कडं. आमचे प्रोफेसर फिल्म उजेडात धरून म्हणाले, "मियाँ, ऊन में ये क्या मिला के लाए?" मी लोकरीची गुंडी नाकाशी नेली आणि डोक्यावर हात मारला. चिंचोक्याची खळ! घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावतात ती तू त्या मूठभर सुताला चोपडली होतीस. सूत ताठ लागत होतं, पण आपल्या घरी ते तसंच बघत आलेलो, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. पुढं तुला विचारलं तर तू माझ्यावरच उखडलीस. "बोडकं सूत परमुलखात कसं धाडू? धनगराच्या बाईला खळ लावता येत न्हाई म्हणतील लोक."

ऊन पाण्यानं खळ धुऊन काढली आणि दोन फिल्मा घेतल्या, एक साध्या सुताची, दुसरी तेच सूत वाफेवर ताणून. पहिलीतले ठिपके दुसरीत जागा सोडून गेले होते. ताण काढून पुन्हा वाफ दिली तर ते होते तिथं परत आले. आत गुंडाळलेल्या साखळ्या ताणल्यावर उलगडत होत्या आणि सोडल्यावर पुन्हा आपल्या घड्या घालत होत्या. माय, जन्मभर ज्या लोकरीवर लोळलो, तिच्यात एवढी शिस्त होती आणि कुणी ती घालून दिली नव्हती. मला भीती वाटली, आनंदही झाला.

त्या फिल्मा घेऊन मी घरी आलो. तू अंगणात उभी राहून त्या उन्हाकडं धरतेस, एक खाली ठेवतेस, पुन्हा उचलतेस. मग विचारतेस, "मेंढीच्या अंगावर असताना बी असंच असतं?"

"असंच."

"तिला म्हाईत न्हाई?"

"न्हाई."

"अन् माणसाच्या केसात?"

"तिथं बी हेच, माय."

तू पदर सारलास, एक पांढरा केस उपटून माझ्या तळहातावर ठेवलास आणि म्हणालीस, "जाय. काकाला मी बघते. माझ्यात काय हाय ते नीट बघ."

केस एकटा पुरत नाही म्हणून पुढच्या खेपेला मी तुझ्या फणीतले अजून मागून नेले. फिल्म आली तेव्हा तू नव्हतीस. ठिपके मेंढीसारखेच आहेत, कुणाही माणसासारखेच आहेत. त्यावरून केस कुणाचा ते ओळखता येत नाही, असं मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आलो. आणि तरी ती फिल्म इतर फिल्मांत मिसळली, की मी बघितल्याबरोबर तुझी बाजूला काढतो.