फ्रूमा येईपर्यंत

९ एप्रिल १९४६, मंगळवार

झगा परत उसवला! काखेत. ही सतरावी नवरी. निर्वासित छावणीच्या सगळ्या बराकींत मिळून लग्नाचा झगा एकच, पॅराशूटच्या रेशमाचा, मीच शिवलेला. रेशीम चिवट असतं म्हणतात, पण इथल्या पोरी वर्षभर पांढरा पाव आणि डब्यातलं मांस खाऊन अशा भरल्यात की कापडाने तरी काय करावं. गेल्या मे महिन्यात लढाई संपली तेव्हा यांच्याच बरगड्या मोजता येत होत्या. तोंडाने शिव्या देत मी शिवण उसवते, मनात म्हणते, फाटू दे. आणखी फाटू दे.

लाइबने आज पुन्हा लग्नाचं विचारलं. माझं उत्तर तेच. फ्रूमा माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. थोरली बिनलग्नाची असताना धाकटी लग्नाच्या छताखाली उभी राहत नाही. आमच्या घरी असं झालेलं नाही, आणि आता घरात दोघीच उरल्यावर मी सुरुवात करणार नाही.

लाइब म्हणाला, "तुझी बहीण येईपर्यंत मला टक्कल पडेल. टकल्या न्हाव्याकडे गिऱ्हाईक येत नाही, हिंदे."

१८ एप्रिल

सणाच्या दोन दिवसांत लिहायचं नसतं. वल्हांडणाच्या जेवणाला चारशे माणसं, जुन्या लष्करी भोजनघरात! बेखमीर भाकरी अमेरिकेहून पेट्यांतून आली. बीट झकास आंबलं होतं. जेवणाआधी सगळ्यांत लहान मुलाने सणाचे ठरलेले प्रश्न विचारायचे असतात, पण बोलता येईल असं मूल चारशेंत एकही नव्हतं. जमलेली सगळी तान्ही. मग सगळ्यांत धाकटा म्हणून मोटेलने विचारले. वय एकोणीस, मिशा, आणि शेजारी पोटुशी बायको. हसून हसून पुरेवाट.

बायको म्हणजे त्सिला. मार्चमध्ये दोघं दुसऱ्या छावणीतून आली आणि माझ्या शेजारची खोली त्यांना मिळाली. गोड बाई. ताटातला जाड तुकडा गुपचूप माझ्याकडे सरकवते.

२ मे

फळ्यावरचा कागद पावसाने धुऊन गेला, नवा लावला. "फ्रूमा झिल्बर, टार्नोवची, वय अठ्ठावीस, डाव्या भुवईवर व्रण. बहीण हिंदा इथे आहे." आईबाबांचं मला ठाऊक आहे, मी तिथे होते. फ्रूमाला मात्र दुसऱ्या गाडीत चढवलं होतं. ज्याचं ठाऊक नाही त्याची वाट बघायची, एवढं साधं आहे. फळ्यावरून माणसं सापडतात. गेल्याच महिन्यात एकाला त्याचा मेहुणा सापडला, आणि दोघं दुसऱ्या दिवशी भांडलेसुद्धा.

नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी विचारते. त्सिलालाही पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ती म्हणाली, "तिथे आम्ही एकमेकींची नावं फारशी विचारत नव्हतो गं." खरंच आहे.

१२ मे

वरच्या मजल्यावर दोन जावांची जुंपली. दोघींनाही मुली झाल्या, आणि सासूचं नाव एकच! आमच्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत, गेलेल्याचंच देतात. म्हणून इथे पाळण्यापाळण्यात कुणाची तरी आजी रडते आहे, कुणाचा तरी काका दुपट्यात मुततो आहे. शेवटी रब्बींनी निकाल दिला. नावावर पहिला हक्क रक्ताच्या नात्याचा. सुनांच्या आधी नणंदेला विचारा. नणंद म्हणाली, दोघींनी ठेवा, आईला दोन्हीकडे राहायची सवय होती.

२० मे

काल पाच लग्नं!! वल्हांडणानंतरचे सात आठवडे लग्न करायचं नसतं, मधला तेवढा एक दिवस मोकळा. त्यामुळे पाचही जणी त्याच दिवशी, आणि झगा एक. एक नवरी छताखालून निघाली की पडद्यामागे झगा उतरवायचा आणि पुढचीवर चढवायचा. सगळ्यांत बारीक ती आधी, मग एकेक टाचणी काढत काढत जाडीपर्यंत. पेसा शेवटची. तिला श्वास घेऊ नकोस म्हटलं, तर म्हणते, "मग हो कोण म्हणणार? तू?" त्सिला आठव्या महिन्याचं पोट घेऊन तोंडात टाचण्या धरून उभी होती.

सगळं उरकल्यावर तिने झगा माझ्या अंगाला लावून पाहिला. म्हणाली, "तुला टाचणीसुद्धा लागणार नाही." मी म्हटलं, आधी फ्रूमाला होऊ दे. तिने झग्याची घडी घातली. बाकीच्या सगळ्या फ्रूमाबद्दल खोदून विचारतात. ही विचारत नाही, ते मला बरं वाटतं.

कालचा दिवस फार छान गेला. पाय अजून दुखताहेत.

२८ मे

लाइब रब्बींकडे जाऊन आला. रब्बींचं म्हणणं, थोरलीचा पत्ता नसेल तर धाकटीने थांबायची गरज नाही. मी म्हटलं, रब्बींना बहीण नव्हती. लाइब चिडला नाही. माझ्या कपाळावरचे केस फुकट कापून दिले आणि म्हणाला, "थांबतो. मला कुठे गाडी पकडायची आहे."

मला हा माणूस आवडतो. इथे लिहिते, त्याला सांगायची नाही.

९ जून

बाळाचे कपडे आधी शिवायला त्सिला बंदी घालते. दृष्ट लागते म्हणे. मी निमूट ऐकलं. फक्त फ्लॅनेल कापून ठेवलं. कापणं म्हणजे शिवणं नव्हे.

१६ जून, रविवार

मुलगी!! सव्वासात पौंड! मोटेल जिन्यावर बसून रडत होता. मी संध्याकाळपर्यंत तीन झबली संपवली.

२१ जून, शुक्रवार

शब्बाथच्या मेणबत्त्या लावायला अजून तास आहे. दुपारी त्सिला बाळाला घेऊन आली. तिने अजून चालायला नको होतं. बाळ माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "उद्या प्रार्थनेत नाव पुकारायचंय. नाव तुझ्याकडे मागायला आलेय." मला वाटलं, आईचं मागते आहे. म्हटलं, ते मी माझ्या मुलीसाठी ठेवलंय गं.

"आईचं नाही, हिंदे. फ्रूमाचं."

गेल्या वर्षीच्या जानेवारीत, जर्मनांनी त्यांना बर्फातून चालवत नेलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी. शेवटपर्यंत त्सिलाच्या दंडाला धरून होती. "मी आले त्या दिवशी तू फळ्यावर तिचंच नाव लावत होतीस. माझ्याने बोलवेना. हक्क तुझा आहे, तू नको म्हणालीस तर दुसरं ठेवीन."

मी रडले नाही. बाळ झोपलं होतं, ते उठलं असतं. मी म्हटलं, ठेव.