साखरेचा धोंडा

ता. ४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आईचं पत्र आलं. तिच्या खोलीत तू साखर, तांदूळ आणि मिठाची पिंपं रचलीस आणि तिची खाट जिन्याजवळच्या बोळात काढलीस म्हणे. कारण काय, तर घरात तेवढी एकच खोली कोरडी. वा रे शहाण्या. मिठाला ओल सोसत नाही, आईच्या गुडघ्यांना मात्र सोसते.

जग बुडणार हे तुला कुणी सांगितलं? विम्याच्या कचेरीत दिवसभर लोकांना भीती विकतोस, त्यातली थोडी घरीही आणलेली दिसते. लहानपणीही अर्धा डबा उद्यासाठी म्हणून दप्तरात ठेवायचास आणि मुंग्या घेऊन घरी यायचास. तेव्हा हसलो, तिथेच चुकलं.

एक मात्र नीट ऐक. आई मधुमेहाची गोळी घेते. गोळी घेऊन जेवायला उशीर झाला की तिच्या अंगातली साखर एकदम उतरते, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. स्वयंपाकघरातला साखरेचा डबासुद्धा तू पिंपात रिता केलास असं कळलं. तिच्या उशाशी वाटीभर साखर ठेव. बाकी तुझं कोठार तुला लखलाभ.

लोभ आहेच, अक्कल असू द्यावी.
तुझी ताई

ता. ११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातले टोमणे बाजूला काढून उरलेलं वाचलं. चार ओळी निघाल्या. तू पावशेर साखर आणून आठवडा काढणारी बाई, तुला साठवण काय कळणार? उद्या रस्ते तुटले, दुकानं मिटली, तर शेजारणीच्या दाराशी वाटी घेऊन तू उभी राहशील. मी नाही राहणार.

माझं काम शास्त्रशुद्ध आहे. किडा लागू नये म्हणून तांदळात हवा शोषणाऱ्या पुड्या टाकल्या, त्याच साखरेतही टाकल्या. दुकानदार म्हणाला, साखरेला त्या घालू नका. त्याला काय कळतंय? झाकणं हातोडीनं ठोकून बसवलीत. साखर वीस वर्षं टिकेल, तोवर तू तरी टिकतेस का बघ.

उशाशी साखर ठेवली की मुंग्या होतात. ऐन वेळी पिंप उघडता येतंच की. येत्या रविवारी रंगीत तालीम आहे. बाजार बंद, गॅस बंद, सगळं साठ्यातून. आईलाही उत्साह आहे.

लोभ कमी केलास तरी चालेल, सल्ले कमी कर.
तुझा धाकटा

ता. १९ जून

चि. सौ. लेकीस,
अ. उ. आ.

मला उत्साह आहे असं यानं तुला कळवलंय, ते आधी खोडून टाक.

रविवारी सवयीनं मी गोळी घेतली. स्वयंपाक साठ्यातल्या स्टोव्हवर व्हायचा होता, आणि तो काही पेटेना. समोर दुकान उघडं होतं, पण तालीम मोडते म्हणून जायचं नाही. मला दरदरून घाम फुटला. साखर दे म्हटलं तेव्हा कुठे धावला. झाकण निघता निघेना. निघालं तर आत दगड. त्या पुड्यांनी साखरेचा नुसता धोंडा केला होता. चमचा वाकला. मग हातोडी शोधत घरभर फिरला. घरात पिंपं भरून साखर आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार. मरायची भीती वाटलीच गं, पण अशा मूर्खपणापायी मरायचं याची जास्त लाज वाटली.

ठोकाठोकी ऐकून खालची शिवणवाली वर आली. माझ्याकडे एकदा बघितलं, खाली गेली आणि आपला डबाच घेऊन आली. चमचाभर साखर माझ्या गालात सोडली, मग पाण्यातून पाजली. याच बाईला यानं मागच्या महिन्यात बजावलं होतं की वेळ आली तर आमच्या दाराशी यायचं नाही, साठा घरच्यांपुरताच आहे.

आता खाट माझ्या खोलीत आहे आणि पिंपं बोळात. हा रडला. मी डोक्यावरून हात फिरवला नाही. मूर्ख आहे, पण माझ्याच काळजीनं मूर्ख झालाय, म्हणून घरात ठेवलाय. विचारत होता, आता या साठ्याचं काय करू? मी म्हटलं, आधी तो धोंडा फोड, बत्त्यानं कूट, चाळ, आणि वाटी घेऊन खाली त्या बाईच्या दाराशी उभा राहा. तिची साखर परत कर, मग जग खुशाल बुडू दे.

गेले दोन दिवस कुटतोय. अजून वाटी भरली नाही.

माया आहे तशीच आहे. येताना पावशेर साखर घेऊन ये.
आई