ठोकून पाहिलेली कप्पी

देवरूख,
१४ मे १९८४

प्रिय महिपत,

पत्र देवरूखहून आलंय म्हणून दचकू नकोस. दचकायचं पुढे आहे. आपल्या रत्नागिरीच्या फाउंड्रीची कप्पी इथल्या सोनूबाईच्या विहिरीवर लावून चार महिने झाले नाहीत, तोच ती पाणी ओढताना फुटली. आत सुपारी मावेल एवढी पोकळ. तुकडा सोनूबाईच्या उजव्या हातावर पडला, हाड मोडलं. तू मुंबईत छापून घेतलेल्या कागदावर ‘पिढ्यान् पिढ्या टिकणारी’ असं लिहिलंय. सोनूबाईने तो कागद मला डाव्या हाताने दाखवला.

केळशीला आजोबांनी ओतलेली कप्पी पन्नास वर्षं फिरतेय. विहिरीचे मालक बदलले, दोर किती झिजले देव जाणे, कप्पी तीच. आजोबांना काही जादू येत नव्हती. ओतायचं बीड हेच, साच्याची वाळू हीच. फक्त निवालेली प्रत्येक कप्पी ते टांगून हातोडीने ठोकायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. घंटेसारखी वाजली तर विकायची, मडक्यासारखी वाजली तर फोडून परत भट्टीत. अप्पांनी तेच केलं. त्यांच्यामागे त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या विठूकाकांनी. दहांतल्या दोन तरी ते फोडायचे आणि तुझं तोंड वाकडं व्हायचं.

मग गेल्या दसऱ्याला तू आलास. सगळ्या कामगारांसमोर विठूकाकांकडची हातोडी घेऊन माझ्या हातात दिलीस. घराण्याचा मान थोरल्याकडेच हवा, म्हणालास. हारसुद्धा घातलास. मी बावळट फुगलो. त्यानंतर एकही कप्पी फोडावी लागली नाही, तर मला वाटलं, काय सुरेख माल ओततो आपण! हाताला झिणझिण्या यायच्या, त्यालाच मी नाद समजायचो.

सोनूबाईला बघायला आलो त्याच दिवशी इथल्या डॉक्टरांनी माझेही कान तपासले, कारण ते तीनदा बोलले आणि मी तीनदा नुसती मान डोलावली. कान कधीचेच गेलेत म्हणाले, फाउंड्रीतल्या आयुष्यभराच्या ठोकाठोकीने. तेव्हा गेल्या श्रावणातला गिरगावचा डॉक्टर आठवला. मला बाहेर बसवून तू आत त्याच्याशी बोललास आणि बाहेर येऊन माझ्या कानाशी ओरडलास, दादा, नुसता मळ आहे! थेंब घालत होतो रे मी. नऊ महिने. नेमाने.

म्हणजे तुला कान असलेले विठूकाका नको होते. बहिरा भाऊ हवा होता, तोही हार घालून.

रत्नागिरीला जाऊन उरलेल्या चव्वेचाळीस कप्प्या सावित्रीकडून ठोकून घेतल्या. तुझी वहिनी माझं न बोललेलंही ऐकते, बिडाचं काय घेऊन बसलास! अकरा मडकी निघाली. दहा मी फोडली. विकलेल्या परत आणायला विठूकाका गावोगाव निघालेत. गेले आठ दिवस मी इथे सोनूबाईचं पाणी ओढतोय. तिच्या हाताचं प्लास्टर सुटेपर्यंतचं उरलेलं तू ओढायचंस, एवढ्यासाठी हे पत्र. शनिवारच्या एसटीने ये. अकरावी कप्पी मी बरोबर आणली आहे. आल्याआल्या ती ठोक आणि सोनूबाईसमोर सांग, कशी वाजते ते. तुझे कान शाबूत आहेत.

अजून तरी तुझाच,
दादा