शेवटच्या घराचा नळ

आबा, तुमची चापट माझ्या डाव्या कानात अजून वाजते. कानाचे डॉक्टर विचारतात, पडद्याला ही जुनी इजा कशाने झाली? मी सांगते, लहानपणी पडले होते. लहान कसली, चांगली बावीस वर्षांची होते आणि पडलेही नव्हते. गावच्या पाण्याच्या टाकीखाली बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या होत्या आणि त्या सगळ्यांसमोर तुम्ही मला मारलंत. कारण काय, तर पाणी तपासणीच्या रजिस्टरमध्ये मी 'पिवळं' लिहिलं होतं आणि गावाच्या टोकाला, शेवटच्या घराच्या नळावर गेलेच नव्हते. टाकीखालच्याच नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, औषधाचे दोन थेंब टाकले, पाणी पिवळं झालं, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर पुरेशी आहे, संपलं काम. उन्हातून तेवढं चालायचा मला कंटाळा आला होता. तुम्ही रजिस्टर माझ्या अंगावर फेकलंत. "टाकीखाली कोण ऱ्हातंय व्हय गं? माणसं तिकडं ऱ्हात्यात! पाईप गटारातनं गेलाय, डोळं फुटलं का तुजं?" आणि परत मारलंत. एकही बाई मध्ये पडली नाही. सगळ्या आपापले हंडे भरून निघून गेल्या.

त्या दिवसापासून मी तुमचा द्वेष केला. आई गेल्यावरही, तुम्ही आजारी पडल्यावरही. साताऱ्याहून इथे येऊन तुम्ही या गावठाणाची विहीर, पंप आणि टाकी सांभाळलीत, कारण त्या पावडरीत हात घालायला गावातलं कुणी तयार नव्हतं. चारी बाजूंनी शहर वाढलं, टॉवर उभे राहिले, आमचं पाणी मात्र त्याच विहिरीचं राहिलं. तुमच्या बोटांची कातडी सोललेली असायची, आमटीचा तिखट घास घेताना तुम्ही दात आवळायचात, आणि मला तुमची कीव यायच्या आत तुम्ही कशावरून तरी ताट भिरकावायचात. जत्रेच्या वेळचं भांडण तर दरवर्षीचं. गावदेवीच्या आंघोळीच्या पाण्याला पावडरीचा वास नको, म्हणून लोक म्हणायचे, दोन दिवस पावडर बंद ठेवा. तुम्ही पहाटे बायकांना बोलवायचात, देवीची घागर थेट विहिरीतून भरून द्यायचात आणि मग टाकीत पावडर टाकायचात. एका वर्षी चार जण दारू पिऊन पंपाच्या खोलीला कुलूप लावायला आले, तर तुम्ही लोखंडी पान्हा उगारून दारात उभे राहिलात. एकाचं मनगट मोडलंत. पाणी मात्र त्याही दिवशी शेवटच्या घरापर्यंत पिवळं होतं.

तुमच्यामागे त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली. या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी पाणी कमिटीचे म्हातारे अध्यक्ष खोलीवर आले. चांगले माणूस आहेत, माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. म्हणाले, "बाय, दोन दिस पावडर नको टाकू. घराघरान पावने हान, सरबताला दवाखान्याचा वास येतंय." मी म्हटलं, देवीची घागर वेगळी भरून देते की. तर हसले. "तुजे बापासारी हट्टी नको होव." आबा, तेवढं एक वाक्य पुरलं. तुमच्यासारखं व्हायचं नाही, यासाठीच तर मी आयुष्यभर धडपडत होते. मीही हसले आणि म्हटलं, बरं काका. दोन दिवस पावडर टाकली नाही. रजिस्टरमध्ये दोन्ही दिवस 'पिवळं' लिहिलं आणि खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या आळीत घरंच्या घरं आडवी झाली. उलट्या, जुलाब, रिक्षांची धावपळ. दुपारपर्यंत गावाने गुन्हेगारही शोधला. विहिरीजवळच्या चाळीत आपल्याच मुलखाकडचा एक भाडेकरू राहतो, तळोज्याच्या केमिकल कंपन्यांतून निळे ड्रम आणून, धुऊन विकतो. लोक त्यात पाणी साठवतात. त्याच्या ड्रमातल्या अ‍ॅसिडनेच पाणी नासलं, असं कुणीतरी बोललं आणि ते पुरलं. मी टाकीच्या पायरीवर उभी आहे. त्याला घरातून ओढत आणतात, अंगात फक्त बनियन. नळाच्या पाईपाचे तुकडे आहेत लोकांच्या हातात. तो ओरडतोय, "आवो मी पन ह्येच पानी पितो, माजी पोरं पितात!" पहिला फटका खांद्यावर बसतो, दुसरा तोंडावर. त्याची बायको मध्ये पडते, तिला केसांना धरून बाजूला फेकतात. ज्या पोरांना मी अंगाखांद्यावर खेळवलंय, ती त्याच्या पोटात लाथा घालतायत. माझ्या खिशात किल्ली आहे, काखेत रजिस्टर आहे. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मी रजिस्टर आणखी घट्ट धरलं.

त्याचा डावा डोळा गेला. वर पोलिसांत तक्रार त्याच्याच विरुद्ध, पाणी दूषित केल्याची. दोन दिवसांनी आरोग्य खात्याचे साहेब आले, देवळापुढे खुर्च्या मांडल्या, रजिस्टर मागितलं. त्यांनी ते दोन 'पिवळं' वाचले आणि म्हणाले, म्हणजे तुमच्याकडून चूक नाही. सही करायला पेन काढलं. तेव्हा मी बोलले. पावडर टाकली नव्हती, तपासलंही नव्हतं, हे खोटं आहे, हे मी लिहिलंय. अध्यक्ष काका जमिनीकडे बघत बसले. मी त्यांचं नाव घेतलं नाही, त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही. जिची सून अजून सलाइनवर होती ती बाई उठली आणि तिने पायातली चप्पल काढून मला मारलं, दोनदा, तीनदा. कुणी अडवलं नाही. किल्ली काढून घेतली. त्याच्यावरची तक्रार मागे घेतली, पण तोवर तो गाव सोडून गेला होता.

आता लोक म्हणतात, काही झालं तरी बाई खरं बोलली, बापाची पोर शोभते. मी ऐकून घेते. हे पत्र टाकायला पत्ता नाही आणि असता तरी टाकलं नसतं, कारण तुम्हाला जे सांगायचंय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. साहेब यायच्या आदल्या दिवशी मी त्या ड्रमवाल्याला दवाखान्यात बघायला गेले होते, मोसंबी घेऊन. त्याच्या अर्ध्या तोंडाला पट्टी होती. मला बघून त्याने हात जोडले. म्हणाला, "ताई, आख्ख्या गावातनं तुमी एकट्याच आला." मी त्याच्या उशाशी बसले, मोसंबी सोलली, एकेक फोड त्याला भरवली आणि म्हटलं, काळजी घ्या.