बदलून मिळालेला फोन

प्रिय समृद्धी,

सप्रेम जय भीम. आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांचा गुडघा उन्हात बसलं की जरा चालतो. मागं तुझा फोन लागला नाही, म्हणून तू घाबरली असशील. तुमचा नुसता साखरपुडाच झाला होता, तरी आमचा नागसेन गेल्यावर तू दर रविवारी शिरूरहून फोन करतेस. त्याची वाट आम्ही दोघंही बघतो.

झालं असं, नागसेननं रांजणगावच्या कंपनीत पर्मनंट झाल्यावर मला घेऊन दिलेला फोन अचानक काळा पडला. वॉरंटी संपायला थोडे दिवस होते, म्हणून खुटबावहून दौंडच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथली बाई म्हणाली, "बोर्ड गेलाय. बदलून मिळेल, पण नवा नाही, रिफर्बिश्ड." ह्यांनी विचारलं, "म्हंजी काय?" ती म्हणाली, "कुणाचा तरी बिघडून परत आलेला, कंपनीनं दुरुस्त केलेला. चालतो नव्यासारखाच."

तुला ठाऊक आहे, नागसेनच्या अपघातानंतर हे कुणाशी मोठ्यानं बोललेच नव्हते. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीलाही डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्या दिवशी मात्र टेबलावर हात आपटून ओरडले, "माझ्या पोरानं नवा कोरा आणला व्हता! दुसऱ्याचा वापरलेला आमच्या गळ्यात मारता व्हय?" सगळे वळून बघायला लागले. मॅनेजर आला, पुण्याला फोनाफोनी केली आणि म्हणाला, "बरं काका, नवाच देऊ. पण महिनाभर थांबावं लागंल." हे जिंकल्यासारखे माझ्याकडं वळले. मी विचारलं, "आन् आमचा हा?" तो म्हणाला, "तो कंपनीत जमा होतो, मावशी. कुठलाही घ्या, हा परत मिळत न्हाई."

त्या फोनवरची स्क्रीनगार्डची काच नागसेननं स्वतःच्या हातानं चिकटवली होती. कोपऱ्यात हवेचा फुगा राहिला होता, बोलताना माझा अंगठा आपोआप तिथं जायचा. मॅनेजरचं ऐकून हे मटकन बाकावर बसले आणि लोकांदेखत हमसून हमसून रडले. इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं. मी अडवलं नाही.

मग मीच सांगितलं, तयार हाय तो द्या. महिनाभर थांबले असते, तर तुझे आणखी रविवार चुकले असते. फोन चांगला चालतो. आवाज पहिल्यापेक्षा स्वच्छ येतो, हे मला ह्यांच्यापुढं बोलवलं नाही.

त्याच फोनवर परवा तुझी आई बोलली. यवतचं स्थळ आलंय, मुलगा शिक्षक आहे, भेटल्यावर तुला आवडलाही, आणि तरी तू नाही म्हणालीस. का, तर "नागसेनच्या आईंना काय वाटेल!" बाळा, वाटायचं ते वाटणारच. तुझ्या अंगाला हळद लागलेली बघताना माझ्या पोटात तुटेल. पण तू अशीच राहिलीस, तर रोज तुटेल. हे फोनवर सांगताना मला रडू फुटलं असतं आणि तू नाहीवरच अडून बसली असतीस, म्हणून लिहायला बसले. होकार दे. बोलावलंस तर आम्ही दोघंही येऊ. साखरपुड्याच्या दिवशी नागसेननं तुझा नंबर माझ्या फोनात "सूनबाई" नावानं टाकून दिला होता. ह्या फोनात सगळे नंबर पुन्हा भरावे लागले. तुझ्या नंबरापुढं मी "समृद्धी" लिहिलंय.

तुझीच,
सुरेखामावशी