माझा एक तृतीयांश

मी, जैबुन्निसा रफिक हळदे, वय सत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मौजे खारशेत बंदर, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर मृणालबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. रक्तदाब पाहून त्या म्हणाल्या, "बाई, कुणावर एवढ्या चिडलात?" ते पुढे येईलच.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या शरियतप्रमाणे कफनदफन आणि देणी भागवून जे उरेल, त्याच्या एक तृतीयांशाचीच वसीयत माणसाला करता येते. बाकीचे दोन हिस्से वारसाला जातात, मग आपण वारसावर कितीही संतापलेले असू. माझा वारस एकच, मुलगा मुसअब. राग माझा पूर्ण आहे, पण तो मला एका हिश्श्यात बसवायचा आहे. मी आयुष्यभर मुलांना अपूर्णांक शिकवले, त्यामुळे हे जमेल.

कलम १. राहते घर, त्यामागची सुपारीची वाडी आणि बँकेतली ठेव मुसअबकडे जाईल. पाच वर्षांपूर्वीच्या वादळात वाडी आडवी झाली तेव्हा मदत आधी जमिनीच्या क्षेत्रावर ठरली. आमच्या चिमूटभर वाड्यांत झाडे दाटीने असतात, त्यामुळे हातात काही येईना. लोकांनी ओरड केली, तेव्हा झाडे मोजून मदत आली. सरकार उशिरा का होईना, शिकते. मुसअब मात्र शिकला नाही. साथीच्या वर्षी त्याची कुवेतची कंपनी बंद पडली, तो रिकाम्या हाताने परतला आणि त्याच्या चाचाने त्याला आपल्या बोटीवर काम दिले. तेव्हापासून तो मला सांगतो, "अम्मी, मी त्यांचं मीठ खातो. झालं गेलं सोडून द्या." मी सोडलेले नाही. मुसअब, बापाबद्दल खोटे बोलले गेले तेव्हा तू गप्प बसलास, याचा मला राग आहे आणि घर मिळाले म्हणून तो फिटत नाही.

कलम २. हा चाचा म्हणजे माझे धाकटे दीर दिलावर हळदे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. मी त्यांना आंघोळ घालून शाळेत घेऊन जायची, म्हणून पुढे त्यांना अरेतुरेच लिहीन.

आता ज्यासाठी हे मृत्युपत्र आहे, ती हकीकत. वकील शिवानीताई म्हणाल्या, "मृत्युपत्रात हकीकत लागत नाही." मी म्हणाले, मला लागते.

माझे पती रफिक डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेले आणि टाळेबंदीत अडकले. मे महिन्याच्या अखेरीस ते आणि शेजारचे बाळाजी पायगुडे, जे मुंबईत एका कॅन्टीनमध्ये कामाला होते, भाजीच्या टेम्पोत बसून माणगावमार्गे गावात आले. मुंबईहून येणाऱ्याला घरी जाऊ द्यायचे नाही असा हुकूम होता, म्हणून दोघांना शाळेत ठेवले. शाळेला तीन खोल्या. पहिलीत हे दोघे. दुसरी मोकळी. तिसरी भरलेली होती, कारण आमच्याकडे जूनच्या तोंडावर बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि जाळी नि इंजिने कोरड्या, पक्क्या जागी ठेवतात. एरवी दिलावर ती स्वतःच्या घरात ठेवायचा. त्या वर्षी शाळा बंद, आणि गावच्या आपत्ती समितीचा अध्यक्ष तोच. चावीही त्याच्याकडेच.

मग वादळाची सूचना आली आणि दुसरा हुकूम निघाला: कच्च्या घरांतल्या सगळ्यांना पक्क्या इमारतीत हलवा. पक्की इमारत एकच, शाळा. साथीचा हुकूम म्हणत होता की लोकांना एकमेकांपासून लांब बसवा, तेव्हा दोन खोल्या हव्या होत्या. वादळासाठी एक नियम आणि साथीसाठी एक नियम होता, दोन्ही वरून आलेले, आणि दोन्ही एका दिवशी आले तर काय करायचे हे कोणत्याच कागदात नव्हते. ते दिलावरने ठरवले. त्याने पहिली खोली रिकामी केली आणि माझ्या पतीला नि बाळाजींना बंदरावरच्या बर्फाच्या शेडमध्ये पाठवले. शेडला पत्र्याचे छप्पर होते.

मी शाळेच्या फाटकाशी गेले. म्हणाले, "दिलावर, जाळी बाहेर काढ, माणसं आत ठेव."

तो म्हणाला, "भाबी, जाली भिजली तं सालभर खानार काय आमी? दोन तास वारा हाय, मंग परत आनतो त्यांना."

"मग मी त्यांना घरी नेते. माझ्या घरावर स्लॅब आहे."

"घरी न्ह्यायचं न्हाय. कायदा हाय. मलाच आत टाकतील."

कायदा त्याला तेवढ्यापुरता आठवला. दुपारी शेडचे पत्रे उडाले. त्यातला एक माझ्या पतींना लागला. बाळाजींचा खांदा निखळला होता, तरी ते वारा पडेपर्यंत त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसून राहिले. तिसऱ्या खोलीतली जाळी कोरडी राहिली.

मय्यत घरी आणू दिली नाही. गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, आपल्या माणसांच्या हाताने झाले नाही. मला चेहरा लांबून दाखवला. तपासणीचा निकाल नंतर आला, त्यांना साथीचा आजार नव्हताच. मदतीच्या वेळी एका टेबलावर म्हणत, हा साथीतला मृत्यू, तिकडे जा. तिकडे म्हणत, पत्रा लागला ना, मग वादळाकडे जा. टॉवर पडलेला म्हणून रेशनचा अंगठा लागेना, तेव्हा साध्या सहीवर तांदूळ देण्याची अक्कल त्याच सरकारला चार दिवसांत सुचली होती. माझ्या पतींसाठी ती कोणाला सुचली नाही.

चौकशीला साहेब आले तेव्हा दिलावर साऱ्या गावासमोर म्हणाला, "सायेब, आमी लई अडवला. ते दोघं आपल्या मर्जीनं बाहेर पडले." बाळाजी तेव्हा इस्पितळात होते. गाव खाली मान घालून उभे राहिले, कारण निम्म्या गावाची रोजी दिलावरच्या बोटींवर. साहेबांनी तेच लिहून घेतले. तेव्हापासून सरकारदरबारी माझे पती स्वतःच्या मूर्खपणाने मेले आहेत. मला हे सहन होत नाही.

कलम ३. आता माझा एक तृतीयांश. मशिदीच्या मागचा उंचवटा, जो मला माहेरून मिळाला, तो मी ग्रामपंचायतीला निवारा केंद्रासाठी देत आहे. आता वर शहाणपण आले आहे. नव्या आराखड्यात आजाऱ्यांसाठी वेगळी खोली आणि वेगळे दार आहे, कारण वादळ साथ संपायची वाट पाहत थांबत नाही हे त्यांना कळले. जागा मात्र गावाने द्यायची आहे.

हे दिलावरलाही कळले. गेल्या महिन्यात तो मिठाई घेऊन आला. "भाबी, उंचवटा माज्या नावावर करा, सरकारला मी देतो. पाटीवर नाव भाईजानचं लावू. आनि एरवी लग्नाकार्याला हॉल पडेलच की." मी मिठाई त्याच्या देखत बकरीला घातली. अटी पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) पाटीवर माझ्या पतींचे, माझे किंवा कोणत्याही हळदेचे नाव नको.

(आ) आजाऱ्यांची खोली बारा महिने रिकामी राहील. तिथे एक जाळे जरी सापडले, तरी जागा माझी नात लाइबा मुसअब हळदे हिच्याकडे परत जाईल. लाइबा वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि स्वभाव तिने माझा घेतला आहे.

(इ) दिलावरच्या पर्यटक निवासाकडे जाणाऱ्या गाड्या चार वर्षे या उंचवट्यावरून जातात, मुसअबने गळ घातली म्हणून दिलेल्या माझ्या तोंडी परवानगीने. ती परवानगी माझ्या शेवटच्या श्वासाबरोबर संपते. तिथे कुंपण घालावे. पाहुण्यांना खाडीच्या बाजूने चिखलातून येता येईल, ओहोटी असल्यास.

(ई) वादळात दिलावर दाराशी आला तर त्याला आत घ्यावे. तो रडला तर पाणी द्यावे. त्याचे सामान आत घेऊ नये.

कलम ४. शेडचा तो पत्रा मी न्हाणीघरामागे जपून ठेवला आहे. तो दिलावरला देत आहे. लाइबाने तो स्वतः त्याच्या दारात नेऊन उभा करावा. त्याने टाकून दिला, तर कुठे टाकला हे गाव पाहील.

कलम ५. माझ्या सोन्याच्या बांगड्या लाइबाला, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिच्याकडेच.

कलम ६. माझ्या जनाज्याला दिलावरने खांदा देऊ नये. नमाजेला शेवटच्या सफीत, म्हणजे रांगेत, उभे राहण्यास हरकत नाही, ती अल्लाहची जागा आहे, माझी नाही.

कलम ७. बाळाजी आणि त्यांची पत्नी काशी यांना मी काहीही देत नाही. द्यायचे मनात होते. परंतु ज्याला लाभ होतो त्याच्या साक्षीवर लोक शंका घेतात, आणि मला त्यांची सही निर्मळ हवी आहे. काशीला शिलाई मशीन मी मागच्या ईदला हातोहात दिले, ते या मृत्युपत्रात धरू नये. बाळाजींचा जबाब आजपर्यंत कोणीही घेतलेला नाही. हे मृत्युपत्र नोंदवले जाईल, त्यावर सरकारी शिक्का बसेल, आणि शिवानीताईंनी कपाळाला हात लावला तरी बाळाजी सहीच्या वर त्यांना हवे ते लिहितील.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे. दिलावरला माफ केल्याचे कोणी सांगू लागल्यास ते खोटे समजावे.

स्थळ: खारशेत बंदर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५
(सही) जैबुन्निसा रफिक हळदे

साक्षीदार क्र. १: (सही) नूतन हर्षद मोकल, शिक्षिका. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार क्र. २: मी बाळाजी धाकू पायगुडे. बाईनी माज्यासमोर सही केली. मी त्या दिसाला शेडमंदी व्हतो. त्याच्या आदी शाळंत रफिकभाय दिलावरशेटला हात जोडून म्हनत व्हते, आमाला हितंच कोपऱ्यात बसू दे. आमी आपल्या मर्जीनं भाईर ग्येलो न्हाय. आमाला काढला.
(सही) बाळाजी धाकू पायगुडे