बोटभर उघडी खिडकी

लेह, जानेवारी १९९४

आईच्या पायांवर हिंदुरावचा बर्फातनं नमस्कार.

मी झ्याक हाय. संयोगिताला मुलगा झाला, वाचून लय आनंद झाला. बाळंतीण नीट जेवती न्हवं?

हितं खोलीत भुस्सा जाळायची बुखारी, म्हंजे धुराड्याची शेगडी असती. ती गार झाली की राख काढायची, धुराड्यातली काजळी झाडायची. परवा शेजारच्या खोलीतलं धुराडं तुंबलं, त्यात खिडकी बंद. तिथला पलटणीतला जोडीदार झोपेतच बेशुद्ध झाला. आता बरा हाय, काळजी करू नगंस.

तू बाळंतिणीच्या बाजंखाली शेगडी ठिवून दारं-खिडक्या लावतीस. शेगडीला तर धुराडंबी न्हाई. वारं लागंल म्हणशील. अगं, आमी बर्फातबी खिडकी उघडी ठिवतो.

भाच्याला मामाची पयली भेट म्हणून तेवढी खिडकी बोटभर उघडी ठिव.

तुझा,
हिंदुराव